बालअत्याचाराचे खटले : कसोटी पुराव्याची

बदलापूर येथील एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याची वार्ता पसरली आणि २० ऑगस्ट २०२४ रोजी संतप्त जमावाने तेथील रेल्वे स्थानकात उतरून कित्येक तास लोकलगाड्या रोखून धरल्या. पालकांची तक्रार नोंदवून घेण्यात पोलिसांनी केलेली दिरंगाई उच्च न्यायालयालाही खटकली होती, तेव्हा सामान्य माणसाचा उद्रेक व्हावा यात नवल नाही. जमावाची मागणी मात्र एकच होती : आरोपीला ताबडतोब फाशी द्या. पुढे महिन्याभरानंतर, २३ सप्टेंबर रोजी, हा आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्याच गोळीने मरण पावला. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार असल्याचा निष्कर्ष निघाला व तो अहवाल जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. मृत माणसावर खटला चालत नाही. त्यामुळे त्या दोन बालिकांनी जे सांगितले ते न्यायालयात सिद्ध होऊन निकालपत्रात नोंदले जाण्याची शक्यताही त्या दिवशी संपुष्टात आली. ज्यांनी त्या मृत्यूबद्दल समाधान व्यक्त केले त्यांच्या ध्यानात ही गोष्ट आली होती असे दिसत नाही.

पुराव्याची कसोटी टाळण्याचा हा एक मार्ग झाला, आणि तो बेकायदा आहे हे निदान उघडपणे कोणी नाकारीत नाही. दुसरा मार्ग अधिक सभ्य आहे. त्यात न्यायालय असते, न्यायाधीश असतात, आरोपीला वकीलही दिलेला असतो. फक्त सगळे इतक्या घाईने उरकले जाते की त्या खटल्यात काही तपासले गेले असे म्हणणे कठीण व्हावे. वृत्तपत्रांतून अशा निकालांचे कौतुक होते. इतक्या दिवसांत फाशी, तितक्या दिवसांत जन्मठेप, अशा मथळ्यांनी आपण सुखावतो. बिहारमधील अरारिया येथे २०२१ मध्ये एका विशेष न्यायालयाने साक्षी, युक्तिवाद, निकाल आणि जन्मठेपेची शिक्षा हे सारे एका दिवसात आटोपले, आणि हा विक्रम म्हणून गाजला. अशा विक्रमांचे पुढे अपिलात काय होते याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ते पाहिले तर आरोपीला मिळणारी न्याय्य सुनावणी ही बालकाच्या हिताच्या आड येणारी गोष्ट आहे, हा सर्वत्र रूढ झालेला समज किती उथळ आहे हे कळून येते.

मध्य प्रदेशातील खंडवा येथील प्रकरण या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगे आहे. जानेवारी २०१३ च्या अखेरीस तेथे नऊ वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेने देश हादरलेला होता. पोलीस, सरकारी वकील, न्यायालय या सर्वांवर लोकमताचे दडपण होते. १९ फेब्रुवारी रोजी आरोपीवर दोषारोप ठेवण्यात आला. त्याच दिवशी त्याला विधी साहाय्य योजनेतून वकील देण्यात आला. म्हणजे ज्या वकिलाने आरोपीचे तोंडही धड पाहिलेले नव्हते, कागदपत्रे वाचण्यास ज्याला एक रात्रही मिळाली नव्हती, त्याने दोषारोपाच्या वेळी आपल्या अशिलाचे हित राखावे अशी अपेक्षा होती. ४ मार्च रोजी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, सर्व साक्षीपुरावा संपून आरोपी दोषी ठरला व त्याला फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने २७ जून २०१३ रोजी ती कायम केली. गुन्हा घडल्यापासून पाच महिन्यांत दोन न्यायालयांचे निकाल! यापेक्षा जलद न्याय तो कोणता, असेच तेव्हा कोणीही म्हटले असते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तेथे १८ डिसेंबर २०१९ रोजी हा सगळा डोलारा कोसळला. खटला लवकर निकालात निघावा ही इच्छा रास्त असली तरी तिच्यापायी न्यायाचाच बळी देता येणार नाही, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने शिक्षा रद्द केली व खटला पहिल्यापासून नव्याने चालविण्याचा आदेश दिला. ज्या गुन्ह्याला जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात विधी साहाय्यातून दिलेला वकील किमान दहा वर्षे वकिली केलेला असावा, आणि त्याला तयारीसाठी साधारणतः निदान सात दिवस मिळावेत, असे दंडकही त्या निर्णयात घालून देण्यात आले. सात दिवस! जमीनजुमल्याच्या साध्या दाव्यात तारखांवर तारखा घेणाऱ्या आपल्या न्यायव्यवस्थेला एका माणसाच्या प्राणाच्या प्रश्नावर सात दिवसांची तयारी द्या असे सांगावे लागले, हे पुरेसे बोलके आहे.

पण कथा येथे संपली नाही. नव्याने चाललेल्या खटल्यात २०२२ मध्ये आरोपीला पुन्हा फाशीची शिक्षा झाली. ज्या डीएनए अहवालावर सरकार पक्षाची सारी भिस्त होती, तो अहवाल तयार करणाऱ्या तज्ज्ञाची साक्षच झालेली नव्हती. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने हे हेरून प्रकरण परत पाठविले. तज्ज्ञ साक्षीसाठी उभा राहिला, त्याची उलटतपासणी झाली, अहवालाचा अर्थ प्रथमच न्यायालयात उलगडला गेला. आणि मार्च २०२४ मध्ये आरोपी निर्दोष सुटला. अकरा वर्षे, तीन सुनावण्या, दोन वेळा फाशी, आणि शेवटी असे निष्पन्न झाले की जो कागद त्याला फासावर नेणार होता तो कोणी नीट वाचलाच नव्हता. त्या माणसाच्या तारुण्याची अकरा वर्षे तुरुंगात गेली हे तर खरेच. पण त्या मुलीच्या आईबापांना काय मिळाले? २०१३ मध्ये त्यांना सांगण्यात आले की अपराधी सापडला. अकरा वर्षांनी सांगण्यात आले की तो हा नव्हे. दरम्यान खऱ्या अपराध्याचा माग काढण्याची वेळ केव्हाच निघून गेली.

हे मध्य प्रदेशात घडले म्हणून आपण निश्चिंत राहण्याचे कारण नाही. जून २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यात भाईंदर येथे सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिला ठार मारण्यात आले. शेजारी राहणाऱ्या एका परप्रांतीय मजुरावर आरोप ठेवण्यात आला. ठाण्याच्या सत्र न्यायालयाने २०१४ मध्ये त्याला फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती कायम केली. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी त्याची निर्दोष मुक्तता केली. तपासातील कोणत्या उणिवांमुळे असे झाले हे पाहिले तर मन विषण्ण होते. आरोपीच्या शरीराचे नमुने घेताना कायद्याने सांगितलेली वैद्यकीय तपासणीची पद्धत पाळलेली नव्हती. नमुने प्रयोगशाळेत पोहोचण्यास विलंब झाला आणि तो का झाला याचा उलगडा कोणी केला नाही. मधल्या काळात ते कोणाच्या ताब्यात व कोणत्या स्थितीत होते याची सलग नोंद नव्हती. तपास अधिकारी बदलत गेले, तेही का बदलले हे कळले नाही. आणि ज्या निवेदनाच्या आधारे काही वस्तू हस्तगत केल्याचे दाखविण्यात आले, ते आरोपीचे निवेदन मराठीत लिहिलेले होते. आरोपीला मराठी येत नव्हती. त्याच्या भाषेत ते त्याला वाचून दाखविल्याचेही अभिलेखावरून दिसत नव्हते.

या शेवटच्या मुद्द्यापाशी क्षणभर थांबले पाहिजे. सरकारी कारभार व न्यायालयांचे कामकाज मराठीतून चालावे यासाठी आपण झगडलो, आणि ते योग्यच होते. आपल्या गावच्या माणसाला आपल्यावरील आरोप इंग्रजीत ऐकावा लागू नये हाच त्या मागणीमागचा न्याय होता. तोच न्याय उत्तर प्रदेश किंवा बिहारमधून पोटासाठी आलेल्या मजुरालाही लागू पडतो हे ठाणे अंमलदाराला सुचू नये, पंचांना सुचू नये, आणि पुढे दोन न्यायालयांच्या नजरेतूनही निसटावे, ही गोष्ट मराठीच्या अभिमानाशी विसंगत आहे. एखादा दुभाषा बोलावण्यास किती खर्च आला असता? तो न बोलावल्याने तेरा वर्षांचा काळ आणि एका बालिकेच्या हत्येचा तपास दोन्ही वाया गेले.

या दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट समान आहे व तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. दोन्हीकडे उच्च न्यायालयाने प्रथम फाशी कायम केली होती. आपल्या कायद्यात सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाच्या पुष्टीखेरीज अमलात येत नाही, आणि ही पुष्टी म्हणजे केवळ शिक्का मारणे नव्हे. सारा पुरावा नव्याने, स्वतंत्र बुद्धीने तपासणे हे उच्च न्यायालयाचे कर्तव्य आहे. आवश्यक वाटल्यास स्वतः अधिक पुरावा घेण्याचा किंवा तो घेण्यास सांगण्याचा अधिकारही त्याला आहे. अशा स्थितीत खंडव्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये जे करण्यात आले ते २०१३ मध्येच का करता आले नसते? अर्थात अपिलाच्या न्यायालयाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. त्याच्यापुढे माणसे नसतात, कागद असतात. जो प्रश्न साक्षीदाराला विचारलाच गेला नाही त्याचे उत्तर त्या कागदांत सापडत नाही. जो नमुना पंधरा दिवस पोलीस ठाण्याच्या कपाटात पडून राहिला तो अपिलात ताजा होत नाही. पहिल्या आठवड्यात झालेली हयगय अपिलात उघडकीस येते, भरून निघत नाही. मग न्यायालयापुढे दोनच पर्याय उरतात : संशयास्पद पुराव्यावर एका माणसाला फाशी देणे, किंवा एका बालकावरील अत्याचार शिक्षेविना सोडून देणे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. आरोपीच्या हक्कांचा हा घोष आजवर पुष्कळ झाला. ज्या व्यवस्थेने स्त्रियांच्या व मुलांच्या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास ठेवला नाही, तिने आता त्यांच्या बाजूने थोडे झुकले तर बिघडले कोठे? या आक्षेपात इतिहास आहे. आणि तो इतिहास महाराष्ट्राचाच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी धरले, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये पुन्हा सोडले. कारण काय, तर मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, तेव्हा तिने प्रतिकार केला नसावा. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात अडकलेल्या गरीब मुलीने वर्दीतल्या माणसाशी झटापट करावी ही अपेक्षा! उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चार विधी-प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहून या निर्णयातील विचारसरणीचे वाभाडे काढले. त्यातून उठलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या किंवा तत्सम ताब्यातील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला व स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलम पुरावा कायद्यात आले. तो बदल न्याय्यच होता.

पण त्या बदलाचे स्वरूप नीट पाहावे. शरीरसंबंध घडला हे सरकार पक्षाने सिद्ध केल्यावरच ते गृहीतक लागू होत होते. २०१२ च्या बाल लैंगिक अपराध संरक्षण कायद्याने, म्हणजे ज्याला सर्वजण पोक्सो म्हणून ओळखतात त्या कायद्याने, याच्या पुढचे पाऊल टाकले. त्याच्या २९ व्या कलमानुसार काही गंभीर गुन्ह्यांसाठी एखाद्यावर खटला भरला असता त्याने तो गुन्हा केला आहे असे विशेष न्यायालयाने गृहीत धरावयाचे आहे, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. शब्दशः वाचले तर याचा अर्थ असा होईल की आरोपपत्र दाखल झाले की माणूस अपराधी! उच्च न्यायालयांनी सुदैवाने हा अर्थ स्वीकारला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की हे गृहीतक निरपवाद नाही. गुन्ह्याच्या मुळाशी असलेल्या गोष्टी सरकार पक्षाने आधी सिद्ध केल्या पाहिजेत, तरच आरोपीवर खुलासा करण्याची जबाबदारी येते. माझ्या मते या कलमाचा सर्वांत मोठा धोका आरोपीला नसून तपासाला आहे. न्यायालय गृहीत धरणारच आहे, मग नमुने वेळेवर पाठविण्याची धडपड कशाला, ही वृत्ती पोलिसांत मूळ धरू लागली की खटले खालच्या न्यायालयात जिंकले जातात आणि अपिलात हरले जातात.

बालकाच्या साक्षीबद्दल आपला कायदा, सामान्य समजुतीच्या उलट, फार पूर्वीपासून उदार आहे. साक्षीदार किती वर्षांचा असावा याला किमान मर्यादा नाही. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता आले म्हणजे झाले. राजस्थानातील आठ वर्षांच्या एका मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर १९५१ रोजी दिलेला निर्णय आजही आधारभूत मानला जातो. तो लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे त्याआधी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. मुलीला शपथेचे महत्त्व कळत नसल्याने तिची शपथ घेतली गेली नव्हती, तरी तिची साक्ष ग्राह्य धरली गेली. पुष्टिकारक पुरावा हवाच असा कायदा नाही. मात्र तशा पुराव्याविना दोषी धरण्यातील धोका न्यायाधीशाच्या मनात जागा असला पाहिजे, आणि तो बाजूला सारावयाचा तर का, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. मुलीने घरी येताच आईला जे सांगितले त्याचाच आधार त्या खटल्यात पुष्टीसाठी पुरेसा ठरला. सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, पण या समतोल विवेचनात भर घालण्याजोगे फारसे काही नंतर लिहिले गेलेले नाही.

पोक्सोने या साक्षीची पद्धत आणखी सौम्य केली. बालकाला आरोपी दिसू नये, पण आरोपीला साक्ष ऐकता यावी. वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांकडे द्यावेत व त्यांनी ते मुलाला विचारावेत. आक्रमक उलटतपासणी होऊ देऊ नये. गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत साक्ष नोंदवावी. आणि मुलाला पुन्हा पुन्हा न्यायालयात बोलावू नये. यातली एकही तरतूद न्याय्य सुनावणीच्या आड येत नाही. उलटतपासणी म्हणजे आरडाओरडा नव्हे. पण यातील शेवटची तरतूद मात्र खऱ्या पेचप्रसंगाला जन्म देते. समजा, आरोपीला पहिला वकील आयत्या वेळी मिळाला. त्याने मुलीला दोन-चार जुजबी प्रश्न विचारून बसकण मारली. पुढे आरोपीच्या घरच्यांनी दुसरा वकील दिला व त्याने अर्ज केला की साक्षीदाराला पुन्हा बोलावा. न्यायालयाने काय करावे? ओडिशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अशी परवानगी नाकारली. वकिलाला पुरेशी संधी मिळालेली असताना मुलीला त्याच यातनेतून पुन्हा नेता येणार नाही असे म्हटले. त्या प्रकरणापुरते ते योग्यच होते. पण जेथे संधी मिळालीच नाही तेथे? तेथे एकतर आरोपीचा हक्क बुडतो, नाहीतर मुलीला पुन्हा साक्षीच्या पिंजऱ्यात यावे लागते. आणि खंडव्यासारखा सगळा खटलाच नव्याने चालवायचा ठरला, व बालिका जिवंत असली, तर तिला सहा-सात वर्षांनी, वयात आल्यावर, विसरू पाहत असलेले सारे पुन्हा सांगावे लागेल. पहिल्या दिवशी चांगला वकील देणे हे आरोपीवरील उपकार नसून त्या मुलीचेही संरक्षण आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

शिक्षक व शाळेतील लिपिक यांचा या खटल्यांशी संबंध येतो तो आणखी एका बाबतीत, आणि ती बाब वरवर क्षुल्लक वाटते. पोक्सो लागू होण्यासाठी पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असली पाहिजे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, विशेषतः जेथे ती आपल्या मर्जीने मुलाबरोबर निघून गेली व आईबापांनी फिर्याद दिली अशा प्रकरणात, सगळा खटला जन्मतारखेवर उभा असतो. जन्मतारीख कोठून येते? शाळेच्या जनरल रजिस्टरमधून. आणि त्या रजिस्टरात ती कशी लिहिली जाते हे आपण सारे जाणतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही कचेरीत १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे किती आहेत ते पाहावे; ज्या बापाला मुलाची तारीख सांगता आली नाही त्याच्या मुलाला गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने ती बहाल केली. नोकरी व निवृत्तीपुरते हे चालून गेले. पण वीस वर्षांची सक्तमजुरी अशा नोंदीवर अवलंबून असेल तर न्यायालयाने चिकित्सा करावी हेच योग्य. तामिळनाडूतील एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये निव्वळ शाळा सोडल्याचा दाखला वयाचा पुरावा म्हणून पुरेसा मानला नाही. कायद्याने प्रथम शाळेचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसल्यास ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसल्यास हाडांची वैद्यकीय तपासणी, असा क्रम ठरवून दिला आहे. प्रवेश देताना जन्मदाखल्याची प्रत रजिस्टराला जोडून ठेवणाऱ्या लिपिकाचे काम दहा वर्षांनी एखाद्या अपिलात निर्णायक ठरू शकते.

शिक्षा वाढविल्याने हे प्रश्न सुटत नाहीत. उलट अधिक बिकट होतात असे माझे मत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वांत गंभीर अत्याचाराला किमान वीस वर्षे व कमाल फाशी अशी तरतूद झाली. किमान शिक्षा जितकी जड, तितका न्यायाधीशाचा हात आखडतो, आणि मग कायद्याचे शब्द ताणले जातात. नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, कपड्यांवरून केलेला स्पर्श हा पोक्सोखालील लैंगिक हल्ला होत नाही, असा जो निर्णय दिला, त्यात गुन्ह्यासाठी ठरलेली शिक्षा किती कडक आहे याचा विचार स्पष्टपणे डोकावतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो फिरवला, आणि स्पर्शामागील लैंगिक हेतू महत्त्वाचा, त्वचेचा संबंध नव्हे, असे ठामपणे सांगितले. निर्णय चुकीचाच होता. पण जड शिक्षेच्या दडपणाखाली न्यायाधीश असे आडमार्ग शोधतात हे कायदे करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

खरे काम अन्यत्र आहे आणि ते निवडणुकीच्या भाषणात सांगण्याजोगे आकर्षक नाही. जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूतील एका खुनाच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला की डीएनएचे नमुने घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचावेत, विलंब झाल्यास कारण नोंदवावे, आणि नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंदवही खटला व अपील संपेपर्यंत ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक केले आहे. मात्र राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची सवलत आहे. त्या सवलतीच्या काळात आपले राज्य प्रयोगशाळांत किती माणसे नेमते, विधी साहाय्याच्या वकिलांना काय मेहनताना देते, पोलीस ठाण्यांना दुभाषे कोठून मिळतात, हे प्रश्न विधिमंडळात विचारले गेले पाहिजेत. ते विचारण्यास विलंब लावण्याची किंमत ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा एकदा दिसली. चेन्नईजवळ २०१७ मध्ये सात वर्षांच्या मुलीची हत्या झाली होती. आरोपीला २०१८ च्या आरंभी फाशी झाली, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती कायम केली. आरोपीला वकील वेळेवर मिळालेला नव्हता, कागदपत्रे हाती पडल्यानंतर चारच दिवसांत साक्षी सुरू झाल्या होत्या, आणि ज्या कॅमेरा चित्रणाचा गाजावाजा झाला ते न्यायालयात रीतसर सिद्धच करण्यात आले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडून दिले.